सिस्को चालतो, मग पॉल का नाही?

"ताई, तुमच्या सदरात सासू-सुना आणि प्लॉटच्या वाटण्या असतात. त्यात माझं पत्र हास्यास्पद वाटेल, तरी लिहितो. आम्ही पाच मित्र, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनचे, आता सगळे पस्तिशीच्या आसपास. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. आधी ठरवलेली एखादी विज्ञानकथा वाचून किंवा बघून यायचं आणि तिच्यावर दुपारभर भांडायचं. बारा वर्षं हे चालू आहे. गेल्या महिन्यात माझ्या घरी 'ड्यून'वर बसलो होतो. बाकीच्यांनी दोन्ही सिनेमे बघितलेत, दुसरं पुस्तक मी एकट्यानं वाचलंय. मी म्हणालो, त्यातला नायक पॉल एट्रायडीज आता माझ्या डोक्यात जातो. त्याच्या नावावर अब्जावधी माणसं मारली गेली, त्याला हिरो कसलं म्हणता? तर माझा सगळ्यात जुना मित्र म्हणाला, 'त्याच्याकडे पर्याय नव्हता. तुला अजून चांदोबातले राजपुत्र लागतात. मोठा हो जरा.' वर म्हणाला, 'तुझ्या त्या 'स्टार ट्रेक'मधल्या सिस्कोनं खोटा पुरावा केला, खून पचवला. तो चालतो, मग पॉल का नाही?' मला उत्तर सुचलं नाही. चिडून म्हणालो, 'तुला उद्या हिटलरही कॉम्प्लेक्स वाटेल.' तो उठला, चप्पल घातली आणि गेला. जेवलाही नाही. पाच आठवडे झाले, या महिन्यातला रविवार झालाच नाही. तसा तो गेल्या वर्षापासून चिडकाच झालाय. कंपनीत त्याच्या टीममधली सहा माणसं कमी करायची होती, यादी त्याला करावी लागली, तेव्हापासून. पण त्याचा इथे संबंध नाही. माझा प्रश्न असा की वाईट वागणारं पात्र न पचणं म्हणजे खरंच पोरकटपणा का? आणि माफी मी का मागायची? सुरुवात त्यानं केली."
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय वाचक,

हास्यास्पद काही नाही. प्लॉटच्या भांडणात शेवटी कुणाला तरी प्लॉट मिळतो. तुमच्या भांडणात पॉल कुणालाच मिळाला नाही आणि बारा वर्षांचा रविवार मात्र गेला.

आधी चांदोबाचं बघू, कारण तो माझ्याही जिव्हाळ्याचा. तुमचा मित्र चांदोबा विसरलाय. त्यात राजपुत्र होतेच, पण दर अंकात वेताळही होता. विक्रमाच्या खांद्यावरून तो जी गोष्ट सांगायचा तिच्यातली माणसं काही धुतल्या तांदळासारखी नसायची. कुणी आपलं वचन पाळण्यासाठी दुसऱ्याचं वाटोळं करायचा, कुणी मायेपोटी खोटं बोलायचा. शेवटी वेताळ विचारायचा, राजा, यात चूक कुणाची? उत्तर माहीत असूनही गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. आम्ही आठ-नऊ वर्षांची पोरं पुढची ओळ हातानं झाकून विक्रमाच्या आधी उत्तर द्यायला बघायचो आणि बहुतेक वेळा आपटायचो. दोषी माणसांवर वाद घालायला वय लागत नाही, एवढंच मला म्हणायचंय. तेव्हा 'चांदोबा' ही शिवी तुम्ही कौतुक म्हणून घ्या.

आता पॉल. या भांडणाचा निम्मा भाग तर साध्या घोटाळ्याचा आहे. तुम्ही दोघं एका नावाच्या दोन गोष्टींवर भांडत होतात. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' 1965 साली पुस्तकरूपात आली, ती पॉल जिंकतो तिथं थांबते. बापाचा खून झालेला, वाळवंटात हाकलला गेलेला पोरगा परत येऊन सिंहासन घेतो. ते वाचताना कुणाच्याही अंगावर काटा येतो, माझ्याही आला. येणारा नरसंहार त्याला आधीच दिसलाय हे पहिल्याच पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, पण विजयाच्या भरात ती पानं डोळ्यांखालून निसटतात. हिशेब येतो 1969 च्या दुसऱ्या पुस्तकात, 'ड्यून मसाया'मध्ये. मधे बारा वर्षं गेलीत, आणि पॉल बादशहा होऊन बसलाय. तुम्ही वसुलीची वही वाचून आलात आणि मित्र वरातीतून आला. सिनेमावाल्यांनाही ही अडचण जाणवली असणार. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पॉल सिंहासनासाठी राजकन्येशी लग्न ठरवतो, तरी त्याची प्रेयसी चानी त्याच्याच बाजूला उभी असते, आणि इतिहास आपल्याला बायकाच म्हणेल अशी पॉलची आई तिची समजूत काढते. 2024 च्या सिनेमात मात्र ती सगळे गुडघे टेकत असताना पाठ फिरवते आणि एकटी वाळवंटात निघून जाते. म्हणजे 'मला हे पटत नाही' म्हणणारा एक चेहरा दिग्दर्शकाला मुद्दाम पडद्यावर ठेवावा लागला. तरीही थिएटरात टाळ्या पडल्या त्या पॉललाच. तुमचा मित्र एकटा नाही.

आणि तुमचं ते हिटलरचं वाक्य. तुम्ही दुसरं पुस्तक वाचलंय म्हणता, तर ते वाक्य तुमचं नव्हतंच हे तुम्हाला आठवायला हवं होतं. पॉल ते स्वतःबद्दल बोलतो. जुन्या पृथ्वीचा इतिहास काढून तो आपल्या जुन्या साथीदाराला, स्टिल्गारला, सांगतो, चंगीझ खान म्हणून एक होता, त्यानं चाळीसेक लाख मारले असतील. हिटलर म्हणून एक होता, त्यानं साठ लाखांवर. मग स्वतःचा आकडा सांगतो. कमीत कमी धरले तरी 61 अब्ज मेले, 90 ग्रह निर्जीव झाले आणि आणखी 500 खचून गेले. पण मला त्या पानावर हादरवलं ते स्टिल्गारनं. चंगीझ खान आणि हिटलरचे आकडे ऐकून तो म्हणतो, हे काही फार मोठे आकडे नाहीत, महाराज.

हा स्टिल्गार आठवतोय ना? वाळवंटातल्या टोळीचा नाईक, पॉलला आसरा देणारा, बरोबरीनं उभा राहणारा माणूस. पहिल्याच पुस्तकाच्या शेवटाकडे पॉलच्या लक्षात येतं की याच्या डोळ्यांत आता मित्र उरला नाही, भक्त आलाय, आणि त्यात माणूस कमी झालाय. दुसऱ्या पुस्तकात त्या कमी झालेल्या माणसापुढे पॉल आपला गुन्हा मांडतो, तर समोरून येतो हा जमाखर्च. पॉलला त्या क्षणी कुणी तरी 'अरे, काय केलंस हे!' म्हणायला हवं होतं. म्हणायला कुणी शिल्लकच नव्हतं.

हे बाजूला ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

'मोठा हो', 'मॅच्युअर हो' हे विज्ञानकथेच्या वाचकांमधलं फार जुनं अस्त्र आहे. या साहित्याला पोरासोरांचं म्हणून इतकी वर्षं हिणवलं गेलं की त्याच्या चाहत्यांना आपण मोठे असल्याचं सतत सिद्ध करावंसं वाटतं. त्याचा सोपा मार्ग म्हणजे काळोख. गोष्टीत कुणी तरी मेलं पाहिजे, नायकाचे हात बरबटले पाहिजेत, आणि आपण ते डोळ्याची पापणी न लववता बघितलं पाहिजे. 1954 साली 'अस्टाउंडिंग' मासिकात टॉम गॉडविनची 'द कोल्ड इक्वेशन्स' नावाची गोष्ट आली. एका ग्रहावर सहा माणसं तापानं मरायला टेकलीत, त्यांच्यासाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालंय. यानात इंधन मोजून भरलेलं, एक वैमानिक आणि औषध, बस्स. आणि कपाटात लपलेली सापडते अठरा वर्षांची एक मुलगी. त्याच ग्रहावरच्या भावाला भेटायला निघालेली. दारावर 'प्रवेश बंद'ची पाटी होती, ती तिनं वाचलीही होती. तिला वाटलं होतं, पकडलं गेलं तर दंड भरू. तिच्या वजनानं यान कोसळणार, म्हणून शेवटी तिला बाहेर अवकाशात जावं लागतं. लेखक तिला वाचवायच्या युक्त्या काढत होता आणि संपादक जॉन कॅम्पबेल गोष्ट परत पाठवत होते, मुलगी मेलीच पाहिजे म्हणून. गणित निर्दय असतं, ते समजणारा तो प्रौढ, असा त्या गोष्टीचा दबदबा.

सत्तर वर्षं झाली, वाचक अजून तिच्यावर भांडतात. आणि मला विचाराल तर भांडणाऱ्यांची बाजू बळकट आहे. यानात इंधनाचा थेंबही जास्तीचा ठेवायचा नाही हे कुणी ठरवलं? ज्या दारातून आत गेलं की मरण, त्या दाराला साधं कुलूप का नाही? पाटीवर 'आत शिराल तर मराल' असं का लिहिलं नाही? वैमानिकाकडे खरंच पर्याय नव्हता. पण ज्यांनी यान आखलं त्यांच्याकडे होता, आणि ते गोष्टीत कुठेच दिसत नाहीत. सगळं पाप गणिताच्या माथी मारून ते सुटले.

गंमत पुढेच आहे. याच कॅम्पबेल यांनी 'ड्यून' आपल्या मासिकात क्रमशः छापली, आणि 'ड्यून मसाया' मात्र नाकारली. ती शेवटी 'गॅलक्सी' मासिकात आली. निरपराध पोरगी मेलेली चालली, पण आपला जिंकलेला नायक असा उताराला लागलेला नाही चालला. ज्याला आपण प्रौढपणा म्हणतो तो पुष्कळदा नुसता आपल्या आवडीचा काळोख असतो. तुमच्या मित्राला पॉलचा काळोख आवडतो आणि तुम्हाला सिस्कोचा.

तर येऊ या सिस्कोकडे, कारण तुम्हाला खरा काटा तिथं रुतलाय. 'मोठा हो'चा राग तुम्ही अर्ध्या तासात विसरला असता. उत्तर सुचलं नाही हे विसरता येत नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'मधला 1998 चा 'इन द पेल मूनलाइट' हा भाग. युद्ध हरत चाललंय. दर शुक्रवारी कॅप्टन सिस्को मेलेल्या, बेपत्ता झालेल्या, जखमी झालेल्यांची यादी लावतो आणि माणसं तिच्यासमोर येऊन आपापली नावं शोधतात. तटस्थ राहिलेल्या रोम्युलनांना आपल्या बाजूनं युद्धात ओढायचं म्हणून तो गॅरॅक नावाच्या शिंप्याला, म्हणजे माजी हेराला, हाताशी धरतो आणि शत्रू रोम्युलनांवरही हल्ला करणार असल्याचा खोटा पुरावा तयार करवतो. रोम्युलन सिनेटर ते खोटं ओळखतो. मग गॅरॅक सिस्कोला न विचारता, आळ शत्रूवर जाईल अशा बेतानं, त्या सिनेटरचं यान उडवून देतो, पुरावा बनवणाऱ्यालाही संपवतो. रोम्युलन युद्धात उतरतात. डाव साधतो. गॅरॅक तर हिशेबच मांडून दाखवतो की एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्यात हे स्वस्तात पडलं. हे सगळं आपल्याला सिस्को स्वतःच सांगतो, खोलीत एकटा बसून, रोजनिशीत. शेवटी पेला उंचावून म्हणतो की मी याच्यासह जगू शकतो. पुन्हा म्हणतो, जगू शकतो. आणि लगेच कॉम्प्युटरला सांगतो, ही नोंद पुसून टाक.

तुम्हाला सिस्को का चालतो? तुम्ही म्हणाल, त्याला लाज वाटते. पण पॉललाही वाटते. तुम्ही म्हणाल, त्यानं मोजकीच माणसं मारली, तीही स्वतः नाही. मग तुम्ही गॅरॅकचा हिशेब करताय, आकडा लहान म्हणून पाप लहान, आणि तिकडे स्टिल्गारचा हिशेबही वेगळा नाही. मला वाटतं, सिस्को तुम्हाला चालतो कारण तो तुम्हाला सांगतो. खोलीत त्याच्यासमोर कुणी नसतं, पण कॅमेऱ्यात बघून तो जणू तुमच्याशी बोलतो, चाळीसेक मिनिटं. ज्यानं आपल्यापाशी मन मोकळं केलं त्याला आपण वाऱ्यावर सोडत नाही. म्हणून मित्राचा प्रश्न रास्त होता, आणि तुम्ही त्याला हिटलर फेकून मारलात. हे पत्र छापलं नसतं तरी मी तुम्हाला एवढं कळवलंच असतं.

मी हा भाग तीनदा बघितलाय. पहिल्या वेळी मला तो शूर वाटला, दुसऱ्या वेळी ढोंगी. तिसऱ्या वेळी मात्र नुसता एकटा वाटला. जगू शकतो तर पुसायचं कशाला? आणि पुसायचंच होतं तर सांगायचं कशाला? सांगायचं होतं, पण ऐकणारं कुणी नको होतं. पॉलचं उलटं. त्याच्याभोवती ऐकणाऱ्यांची गर्दी होती, पण त्यांना ऐकू येणं बंद झालेलं.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, ज्याच्या शेवटी तुम्ही 'पण त्याचा इथे संबंध नाही' असं लिहिलंत. इतकी वर्षं पत्रं वाचून मला एवढं कळलंय की संबंध नाही असं जिथं लिहिलेलं असतं तिथं बोट ठेवून बघावं. तुमच्या मित्रानं सहा नावांची यादी केली. ती करायची की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, आकडा वरून आला असणार. त्यानं केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, कदाचित जास्त वाईट. हे सगळं त्यानं रात्री स्वतःला सांगितलं असेल आणि ते बहुतेक खरंही असेल. पण त्या सहा जणांतल्या कुणाचा तरी गृहकर्जाचा हप्ता त्याला माहीत होता, कुणाच्या तरी मुलाच्या बारशाला तो गेलेला असणार. आणि मग एका रविवारी तुम्ही त्याच्यासमोर म्हणालात, 'त्याला हिरो कसलं म्हणता?' तो म्हणाला, 'त्याच्याकडे पर्याय नव्हता.'

तो पॉलबद्दलच बोलत होता याची तुम्हाला खात्री आहे?

माझा तर्क चुकीचा असू शकतो. कदाचित त्याला नुसता सिनेमा आवडला असेल आणि तुमच्या बोलण्याचा सूर नसेल आवडला. एवढ्यातेवढ्यावर लोक उठून जातात. पण पोहे-चहावर बारा वर्षं भांडलेला माणूस न जेवता उठतो तेव्हा भांडण गोष्टीवरचं उरलेलं नसतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पॉल न पचणं पोरकटपणा नाही. तो पचावा म्हणून लिहिलेलाच नाही. आवडणं हाही पोरकटपणा नाही, हर्बर्टनं त्याला आवडावा असाच घडवलाय, नाहीतर सापळा कुणाला लागला असता? पोरकट झालात ते तुम्ही दोघं, आणि तेही फक्त शेवटच्या दोन मिनिटांत. तुमची बायको हे तुम्हाला एका वाक्यात सांगू शकली असती. बहुधा सांगितलंही असेल.

माफी कोण मागणार? तुम्ही. सुरुवात कुणी केली याची नोंद ठेवायला तुम्ही काही ग्रामपंचायत नाही. पण माफी फक्त हिटलरची मागा. पॉलबद्दलच्या मताची मागू नका, ती खोटी ठरेल आणि त्याला कळेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका. ग्रुपवर तर मुळीच नको, तिथं बाकीचे तिघं हसण्याच्या इमोजी टाकतील आणि सगळं पुन्हा सुरू होईल. त्याच्या घरी जा. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा, सिस्को चालतो मग पॉल का नाही, याचं उत्तर मला त्या दिवशी नव्हतं आणि अजून नीट नाही. ज्या प्रश्नावर आपण हरलो तो प्रश्न समोरच्याचा होता हे कबूल केलं की पुष्कळ गाठी सुटतात.

यादीचा विषय तुम्ही काढायचा नाही. आधी माझ्या मनात आलं होतं की पुढच्या रविवारी 'द कोल्ड इक्वेशन्स' ठेवा असं सुचवावं. अर्ध्या-पाऊण तासात वाचून होते, आणि यान कुणी आखलं यावर बोलता बोलता तो आपोआप मोकळा होईल. मग वाटलं, छे. हा सापळा होईल, आणि तुमचा मित्र तुमच्यापेक्षा कमी हुशार दिसत नाही. पुढची गोष्ट त्यालाच निवडू द्या. ती अगदी टाकाऊ निघाली तरी वाचून जा.

आणि कधी तरी, या महिन्यात किंवा दोन वर्षांनी, तो यादीबद्दल बोललाच, तर 'जाऊ दे रे, तुझ्या हातात काय होतं' असं घाईनं म्हणू नका. तसं म्हणणारे त्याला ऑफिसात भरपूर भेटले असतील. 'तू असं कसं केलंस' हेही नको. त्या सहा जणांची नावं विचारा, आता ते काय करतात ते विचारा. तो सांगेल. त्याला सगळ्यांचं ठाऊक असणार, पैज लावते.

जाताना डबा घेऊन जा. त्या दिवशीचं त्याचं जेवण तुमच्याकडे राहिलंय.